अपघातानंतर लोक मदतीला का थांबत नाहीत? रस्ता सुरक्षेच्या संशोधनातून नेमकं काय बदलतं?

महामार्गावर अपघात होतो, बघ्यांची गर्दी जमते, कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढतं आणि जखमी माणूस तसाच पडून राहतो. असा व्हिडिओ व्हायरल झाला की खाली ठरलेली प्रतिक्रिया येते, 'माणुसकीच उरली नाही'. ही प्रतिक्रिया देणाऱ्यांचा राग खरा असतो, पण निदान चुकीचं असतं. ते चुकीचं आहे हे एका सर्वेक्षणातून पुढे आलं आणि त्या सर्वेक्षणामुळे देशाचा कायदा बदलला.

हे सर्वेक्षण २०१३ साली 'सेव्हलाइफ फाउंडेशन' या स्वयंसेवी संस्थेने करवून घेतलं होतं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, इंदूर, कानपूर आणि लुधियाना या सात शहरांत लोकांना सरळ विचारलं गेलं की रस्त्यावर जखमी दिसला तर मदत कराल का? ७४ टक्के लोकांनी मदत करण्याची शक्यता कमीच असल्याचं सांगितलं. इथवर काही नवीन नव्हतं. महत्त्वाचा होता पुढचा प्रश्न, 'का नाही?' मदत न करणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोकांनी जी कारणं दिली त्यांचा सारांश होता, पोलिसांची चौकशी, रुग्णालयात अडकवून ठेवणं आणि नंतर वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या. म्हणजे बहुतेकांच्या मनात निष्ठुरपणा नव्हता, भीती होती. आणि ही भीती काही उगाचची नव्हती.

निष्ठुरपणावर कायद्याचा इलाज नसतो. भीतीवर असतो. रस्ता सुरक्षेत सरकारबाहेरच्या संशोधनाचा खरा उपयोग कुठे होतो, हे समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

एका मृत्यूपासून कलम १३४-अ पर्यंत

सेव्हलाइफ फाउंडेशनचे संस्थापक पीयूष तिवारी यांच्या नात्यातला एक शाळकरी भाऊ २००७ साली दिल्लीत रस्ते अपघातात गेला. अपघातानंतर तो बराच वेळ रस्त्याकडेला पडून होता, पण त्याला कुणी रुग्णालयात नेलं नाही. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तिवारींनी ही संस्था सुरू केली. सुरुवातीचा भर पोलीस आणि स्वयंसेवकांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देण्यावर होता. पण प्रशिक्षण घेतलेला माणूसही पोलिसांच्या ससेमिऱ्याला घाबरून थांबणार नसेल, तर त्या प्रशिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न लवकरच समोर आला.

याआधी कायद्याच्या पातळीवर काहीच झालं नव्हतं, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं होतं की डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलीस केसचे सोपस्कार नंतर. विधी आयोगानेही २००६ च्या आपल्या २०१ व्या अहवालात तातडीच्या उपचारांचा प्रश्न हाताळला होता. अपघातातले साधारण निम्मे मृत्यू वेळेत उपचार मिळाले तर टळू शकतात, हा त्यातला मुद्दा पुढे वारंवार मांडला गेला. तरीही 'आधी पोलिसांना बोलवा, मग दाखल करू' हे वाक्य रुग्णालयांच्या दारात ऐकू येतच राहिलं. निकाल कायद्याच्या पुस्तकांत होता. रात्रपाळीच्या वॉर्डबॉयपर्यंत आणि हवालदारापर्यंत तो पोहोचला नव्हता.

२०१२ मध्ये संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मे २०१५ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने त्यांना देशभर बंधनकारक स्वरूप दिलं. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा त्यात कलम १३४-अ आलं. इंग्रजीत 'गुड समॅरिटन' म्हणतात तो, म्हणजे निःस्वार्थपणे मदत करणारा माणूस, केंद्रीय कायद्यात नावानिशी आला. याचिका ते कलम या प्रवासाला सात वर्षं लागली. सरकारी कामाच्या मानाने हा वेग वाईट नाही, पण दरवर्षी दीड लाखांच्या आसपास माणसं रस्त्यावर मरत असताना सात वर्षं कमीही नाहीत.

एक्स्प्रेसवेवरचा प्रयोग

दुसरं उदाहरण महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या ओळखीच्या रस्त्याचं आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला तेव्हा तो देशातला पहिला प्रवेश-नियंत्रित द्रुतगती महामार्ग म्हणून कौतुकाचा विषय होता. पण साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता बघता बघता बळींसाठी बदनाम झाला. एकट्या २०१६ साली त्यावर १५१ माणसांचा जीव गेला. म्हणजे किलोमीटरमागे दीडहून जास्त.

त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, महिंद्र अँड महिंद्र कंपनी आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून इथे 'झिरो फेटॅलिटी कॉरिडॉर' हा प्रकल्प सुरू केला. या रस्त्यावर अपघाती मृत्यूच होऊ द्यायचा नाही, हे उद्दिष्ट. यामागची कल्पना स्वीडनची. तिथल्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' हे धोरण स्वीकारलं. माणूस चुकणारच, हे त्याचं गृहीतक. त्यामुळे चूक झाली तरी तिची शिक्षा मृत्यू असू नये, अशा रीतीने रस्ता, गाडी आणि वेगमर्यादा यांची आखणी करायची.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण आपल्याकडच्या अपघात नोंदीच्या पद्धतीशी ते थेट भांडतं. पोलिसांचा एफआयआर कुणाला तरी आरोपी करण्यासाठी लिहिला जातो. त्यामुळे बहुतेक नोंदी 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे' किंवा 'भरधाव वेगामुळे' इथे संपतात. सरकारी आकडेवारीही यावरूनच तयार होते. २०२२ मध्ये देशातले ७१ टक्क्यांहून जास्त अपघाती मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडले गेले. वेग हे मोठं कारण आहेच, त्यात वाद नाही. पण गाडी वेगात असताना ती घसरून कशावर आदळली? तो खांब तिथे का होता? त्याच्यापुढे कठडा का नव्हता? हे प्रश्न एफआयआरमध्ये नसतात.

एक्स्प्रेसवेवर अपघातानंतर जागेवर जाऊन शास्त्रीय तपासणी करण्याची पद्धत वापरली गेली. टायरच्या खुणा मोजायच्या, गाडीचा पत्रा कुठून किती आत गेला ते पाहायचं, जखमा नेमक्या कशाने झाल्या ते शोधायचं. अशा तपासण्यांतून एकाच अपघाताची दोन वेगळी उत्तरं मिळतात. एक, अपघात का झाला. दुसरं, माणूस का मेला. उदाहरणार्थ, पहाटे चालकाला डुलकी लागली हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. गाडी रस्त्याकडेच्या उघड्या काँक्रीटच्या खांबावर आदळली आणि मागे बसलेल्याने सीटबेल्ट लावला नव्हता, हे दुसऱ्याचं. डुलकी पूर्णपणे थांबवणं कुणाच्याच हातात नाही. खांबापुढे कठडा बसवणं मात्र नक्की आहे.

यातून रस्त्यावरच्या शेकडो धोकादायक जागांची यादी तयार झाली. पुलांचे आणि कमानींचे उघडे खांब, कठड्यांची टोकदार सुरुवात, मधले मोकळे दुभाजक, अपुरे फलक. यातला कठड्याचा मुद्दा थोडा समजून घेण्यासारखा आहे. लोखंडी कठडा वाचवण्यासाठी असतो, पण त्याचं टोक नीट वाकवून जमिनीत किंवा बाजूला नेलेलं नसेल तर आदळणाऱ्या गाडीत तो भाल्यासारखा शिरतो. घाटात आणि सपाटीवर रस्त्याकडेला उभे राहणारे ट्रक हाही तसाच प्रश्न. रात्री मागून येणाऱ्या मोटारीच्या दृष्टीने बंद पडलेला, दिवे नसलेला ट्रक म्हणजे भिंतच. त्यामुळे दुरुस्त्यांच्या जोडीने उभ्या वाहनांवर कारवाई, वेग आणि लेन तोडण्यावर नजर, रुग्णवाहिकांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण अशी कामंही झाली.

२०२० साली या रस्त्यावरच्या मृत्यूंचा आकडा ६६ वर आला. १५१ वरून ६६. बातम्यांमध्ये ही तुलना बऱ्याचदा दिसते, पण ती जरा जपून वाचायला हवी. २०२० हे टाळेबंदीचं वर्ष होतं आणि काही महिने रस्ते जवळपास ओस होते. मृत्यूंमधली घट त्याआधीच सुरू झाली होती, म्हणून सगळं श्रेय टाळेबंदीला देणंही बरोबर नाही. पण २०२० पर्यंत शून्य मृत्यू, हे मूळ उद्दिष्ट गाठता आलं नाही, हेही तितकंच खरं. एकाच रस्त्यावर, इतक्या यंत्रणा एकत्र येऊन, चार वर्षांत मृत्यू निम्म्याच्या आसपास आणता येतात, एवढं मात्र या प्रयोगाने दाखवलं. समजा उरलेल्या महामार्गांवर यातलं अर्धं काम झालं तरी फरक हजारांत मोजावा लागेल.

गाड्या फोडून पाहणाऱ्या संस्था

रस्त्याइतकाच फरक गाडीने पडतो. इथे अमेरिकेतल्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेचं नाव घ्यावं लागतं. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या या ना-नफा संस्थेचा खर्च विमा कंपन्या उचलतात. हितसंबंध उघड आहे. अपघात कमी झाले तर विम्याचे दावे कमी. पण इथे विमा कंपनीचं हित आणि प्रवाशाचं हित एकाच दिशेला जातं.

या संस्थेने २०१२ मध्ये एक नवी चाचणी आणली. गाडीच्या पुढच्या भागाचा चालकाकडचा फक्त पाव हिस्सा अडथळ्यावर आदळवायचा, म्हणजे झाडाला किंवा खांबाला कडेने धडक बसल्यासारखी. आधीच्या चाचण्यांत उत्तम ठरलेल्या अनेक गाड्या यात नापास झाल्या. कंपन्यांनी लगेच सांगाडा मजबूत केला आणि पुढच्या मॉडेलना चांगले गुण मिळू लागले. मग काही वर्षांनी संस्थेने त्याच गाड्यांची दुसरी बाजू आदळवून पाहिली. तेव्हा कळलं की काही कंपन्यांनी फक्त चालकाची बाजू मजबूत केली होती, कारण चाचणी तेवढीच होत होती! शेजारी बसणारा वाऱ्यावर. २०१७ पासून संस्थेने शेजारच्या बाजूचीही चाचणी सुरू केली. परीक्षेला येईल तेवढाच अभ्यास करणारे विद्यार्थी फक्त शाळेतच असतात, असं नाही.

भारतात हा धक्का २०१४ च्या सुरुवातीला बसला. 'ग्लोबल एनकॅप' या ब्रिटनमधल्या ना-नफा संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक-चाचणी केली. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्या एअरबॅग नसलेल्या प्राथमिक आवृत्त्या होत्या. फोक्सवॅगनने एअरबॅगशिवायची पोलो विकणं बंद केलं, आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच संस्थेने चार तारे दिले. गाडी तीच, फरक किती.

तोवर भारतीय ग्राहक गाडी घेताना 'ॲव्हरेज किती देते' हे विचारायचा, 'तारे किती' हा प्रश्नच नव्हता. कारण मोजून दाखवलेलं काही त्याच्यासमोर नव्हतं. चाचण्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आले, माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचं डोकं स्टीअरिंगवर आदळताना लोकांनी पाहिलं, आणि बाजार हळूहळू हलला. २०१८ च्या अखेरीस टाटा नेक्सॉन या चाचणीत पाच तारे मिळवणारी भारतात तयार झालेली पहिली गाडी ठरली. नेक्सॉन पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तयार होते. कंपनीने त्या पाच ताऱ्यांची भरपूर जाहिरात केली, आणि सुरक्षितता विकली जाऊ शकते हे इतरांनाही कळलं. दरम्यान सरकारने जुलै २०१९ पासून चालकासाठी, आणि पुढे शेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची केली. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही स्वतःची चाचणी व्यवस्था सुरू झाली. तिच्यात भाग घेणं कंपन्यांना ऐच्छिक आहे, हा तिचा कच्चा दुवा.

जनजागृती: काय चालतं, काय नाही

रस्ता सुरक्षा सप्ताह आला की शाळांत चित्रकला स्पर्धा होतात, चौकात यमराजाच्या वेशात कुणीतरी उभं राहतं, हेल्मेट न घातलेल्यांना गुलाबाचं फूल दिलं जातं. फोटो छान येतात. पण याने अपघात कमी होतात का?

संशोधनाचं उत्तर उत्साह वाढवणारं नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या ना-नफा संस्थेच्या परीक्षणांत परवानाधारक चालकांना दिलेल्या ज्यादा प्रशिक्षणाने अपघात किंवा इजा कमी होतात, असा पुरावा मिळाला नाही. शाळांमधून दिल्या जाणाऱ्या ड्रायव्हिंग शिक्षणाचा तर उलटाच परिणाम दिसला. त्यामुळे मुलं लवकर परवाना काढतात, म्हणजे कोवळ्या वयात जास्त मुलं गाडी चालवू लागतात. नुसतं सांगून माणूस बदलत नाही. 'सिगारेट आरोग्याला घातक' हे पाकिटावर वाचतच माणूस ती पेटवतो.

मग जनजागृती निरुपयोगी आहे का? तसंही नाही. ती कारवाईच्या जोडीने आली की चालते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९९३ मध्ये सीटबेल्टसाठी मोहीम घेतली. संदेश 'जीव वाचवा' असा नव्हता. 'बेल्ट लावा, नाहीतर पावती फाटेल' एवढाच होता. आणि खरोखरच नाक्यानाक्यावर पोलीस उभे होते. बेल्ट लावणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने वाढलं आणि हीच मोहीम पुढे देशभर गेली. मरणाची भीती दूरची असते, पावतीची पुढच्या चौकातली.

पुण्यातल्या हेल्मेटसक्तीचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. सक्ती जाहीर होते, विरोधी कृती समिती रस्त्यावर उतरते, काही दिवस कारवाई होते, मग सगळं थंडावतं. दरम्यान विरोधाचे तेच तेच मुद्दे व्हॉट्सॲपवर फिरत राहतात. 'हेल्मेटच्या वजनाने मानेला इजा होते' हा त्यातला लाडका मुद्दा. कॉक्रेनने ६१ अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. मानेच्या इजा वाढतात, असा पुरावा मिळाला नाही. 'शहरात वेगच कुठे असतो' हा दुसरा मुद्दा. डोकं रस्त्यावर आपटायला शंभरचा वेग लागत नाही. दुचाकीवरच्या माणसाचं डोकं जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असतं आणि नुसतं तेवढ्या उंचीवरून काँक्रीटवर पडणंही कवटीला पुरेसं असतं.

सरकारी आकडे पाहिले तर २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली. दर तासाला साधारण १९. यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलं नव्हतं आणि १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावला नव्हता. दोन्ही मिळून हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. ते सगळेच वाचले असते असं नाही, पण बरेच वाचले असते.

मागच्या सीटचा बेल्ट हा तर वेगळाच विषय. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही आठवडे घराघरांत मागच्या बेल्टची चर्चा झाली. मुंबई पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या प्रवाशांवरही कारवाईचा आदेश काढला. खरं तर नियम त्याआधीच अस्तित्वात होता. कुणी बजावत नव्हतं, इतकंच. बेल्ट न लावलेला मागचा प्रवासी धडकेच्या वेळी गाडीच्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि स्वतःबरोबर पुढच्या सीटवरच्या माणसालाही चिरडू शकतो. 'मागे कशाला लागतो बेल्ट' म्हणणारे काका पुढे बसलेल्या पुतण्याच्याही जिवाशी खेळत असतात.

संस्थांचंही चुकतं

स्वयंसेवी संस्था कोर्टात गेली आणि सगळं ठीक झालं, असंही नेहमी होत नाही. चंदीगडचे हरमन सिंग सिद्धू १९९६ मधल्या अपघातानंतर व्हीलचेअरवर आले. त्यांच्या 'अराइव्ह सेफ' संस्थेने महामार्गांलगतच्या दारू दुकानांविरुद्ध लढा दिला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली. पुढे वीस हजारांपर्यंत लोकवस्तीच्या भागांसाठी हे अंतर २२० मीटर केलं गेलं. गोव्यासारख्या राज्यात, जिथे महामार्ग गावांमधूनच जातात, मोठी खळबळ उडाली. अनेक राज्यांनी यावर एक नामी पळवाट काढली. रस्त्याचा महामार्ग हा दर्जाच काढून टाकला. रस्ता तोच, ट्रक तेच, दुकान तेच. कागदावर तेवढा महामार्ग उरला नाही. पुढे न्यायालयानेच शहरी हद्दीतल्या रस्त्यांना आणि इतरही ठिकाणी सूट दिली. दारूच्या नशेत गाडी चालवण्याचा प्रश्न खरा आहे, पण दुकानाचं अंतर बदललं तरी नाक्यावर श्वासाची तपासणी होत नसेल तर फारसं काही साधत नाही.

पैशांचा प्रश्नही असतोच. गाडी बनवणारी कंपनी रस्ता सुरक्षेच्या प्रकल्पाला निधी देते तेव्हा रस्त्याच्या चुका मोकळेपणाने दाखवल्या जातात. गाड्यांचा वेग आणि वजन यांवर तितक्याच मोकळेपणाने बोललं जातं का, हे विचारायला हवं. सगळा भर मोटारीतल्या माणसावर जाणं हा दुसरा धोका. दिल्ली आयआयटीतले दिवंगत संशोधक दिनेश मोहन हे आयुष्यभर सांगत राहिले. ते स्वतः तरुणपणी वर उल्लेख केलेल्या अमेरिकी संस्थेत काम करून १९७० च्या दशकाअखेरीस भारतात परतले होते. भारतात रस्त्यावर मरणाऱ्यांत मोटारीतले लोक कमी. पायी चालणारे, सायकलवाले, दुचाकीस्वार जास्त, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. पादचाऱ्यांच्या मृत्यूंची सरकारी नोंद प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी होते, हा त्यांचा आक्षेप होता. २०२२ च्या सरकारी आकड्यांत दुचाकीस्वारांचा वाटा ४४.५ टक्के आणि पादचाऱ्यांचा १९.५ टक्के आहे. एअरबॅग यांच्यापैकी कुणाच्याच कामाची नाही. त्यांना पदपथ, ओलांडण्याची सुरक्षित जागा आणि गाड्यांचा कमी वेग लागतो. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघातांची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मदत करणाऱ्याचे हक्क

आता पुन्हा त्या जखमी माणसाभोवतीच्या गर्दीकडे. न्यायालयाच्या निकालानंतर सेव्हलाइफ फाउंडेशनने २०१८ मध्ये पुन्हा सर्वेक्षण केलं. ८४ टक्के लोकांना असं काही संरक्षण आहे, हेच माहीत नव्हतं. कायदा करून घेण्याइतकंच तो पोहोचवणं अवघड, हे परमानंद कटारा निकालाने तीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं, ते पुन्हा दिसलं.

म्हणून नियम नेमके काय आहेत ते इथे सविस्तर. कलम १३४-अ नुसार जो माणूस सद्हेतूने, स्वतःहून आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातस्थळी मदत करतो किंवा जखमीला रुग्णालयात नेतो, तो मदतकर्ता. मदत करताना त्याच्याकडून काही चुकलं आणि जखमीला इजा झाली किंवा मृत्यू आला, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पोलीस किंवा अन्य कुणीही त्याला नाव, पत्ता, ओळख सांगण्याची सक्ती करू शकत नाही. सांगायचं असेल तर तो स्वतःहून सांगू शकतो. साक्षीदार होण्याचीही सक्ती नाही. तो राजीखुशीने साक्ष द्यायला तयार झाला, तर त्याच्या सोयीच्या जागी, घरी किंवा कामाच्या ठिकाणी त्याचा जबाब घ्यायचा असतो, आणि तिथे येणाऱ्या पोलिसाने साध्या वेशात यायचं असतं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे संरक्षण मदतकर्त्याला आहे, अपघात करणाऱ्याला नाही. ज्याच्या गाडीने अपघात झाला त्या चालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याची आणि पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कलम १३४ प्रमाणे वेगळी आहेच.

उपचाराच्या खर्चाचीही भीती असते. 'मी नेलं तर बिल माझ्याच गळ्यात पडेल.' मदतकर्त्याकडे रुग्णालय पैसे मागू शकत नाही. शिवाय मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडविरहित उपचार योजना अधिसूचित केली. त्यात नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस किंवा कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत.

आणि आणखी एक नियम, जो कुणालाही जवळच्या रुग्णालयात जाऊन स्वतः तपासून पाहता येतो. प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने मदतकर्त्याच्या हक्कांची सनद हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत, प्रवेशद्वाराजवळ किंवा ठळक दिसेल अशा जागी लावायची असते आणि आपल्या वेबसाइटवरही द्यायची असते.